काजूवरचा ढेकण्या नेमका कोणता? जात ओळखायची माझी पद्धत

जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला काजूच्या कलमाखाली उभं राहायचं आणि कोवळ्या पालवीकडे उजेडाच्या दिशेने बघायचं. दोन-चार मिनिटं काहीच दिसत नाही. मग एखाद्या देठावर बारीक काडीसारखं काहीतरी हलतं, आपली सावली पडली की झटकन देठाच्या पलीकडच्या बाजूला सरकतं. तो ढेकण्या. ऊन चढलं की तो पानांच्या गर्दीत शिरतो आणि शोधून सापडत नाही. म्हणून शोधायचं काम नऊच्या आत उरकावं, नाहीतर थेट संध्याकाळी.

आमची बाग कुडाळ तालुक्यात, डोंगरउतारावर आहे. वेंगुर्ला-४ ची ऐंशी आणि वेंगुर्ला-७ ची तीसेक कलमं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. गेली अकरा वर्षं पालवी ते फळधारणा या काळात दर आठवड्याला मी ढेकण्या गोळा करते, टोचून ठेवते, त्यांची नावं लावते. "मारायचाच आहे तर नाव कशाला?" असं गावात मला खूपदा विचारलं जातं. ढेकण्या ही एक जात नाही. काजूवर येणाऱ्या त्याच्या तीन जाती आपल्या देशात नोंदलेल्या आहेत. प्रत्येकीच्या आवडीची इतर झाडं वेगळी, मुक्काम वेगळा. माझ्या बागेच्या बांधावर पेरू आहे, कडुनिंब आहे, शेवगा आहे. काजूला पालवी नसते तेव्हा ढेकण्या कुठे राहतो हे समजायचं असेल, तर पेरूवरचा आणि काजूवरचा एकच आहे का, हे आधी ठरवावं लागतं. ते नाव लावल्याशिवाय ठरत नाही.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. बोलताना आपण 'प्रजाती' हा शब्द कशालाही वापरतो. मी इथे विश्वकोशातली रीत पाळते. जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. ढेकण्याची प्रजाती हेलोपेल्टिस. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ सिन्योरे यांनी ती १८५८ मध्ये उभी केली. तिच्यात चाळीसच्या आसपास जाती आहेत, काही आफ्रिकेत, बाकीच्या आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे. ही प्रजाती मिरिडी या कुळातली. ढेकणांच्या सगळ्या कुळांत हे सर्वांत मोठं, अकरा हजारांहून अधिक जातींचं. इंग्रजीत या कुळाला प्लांट बग म्हणतात. जुन्या ग्रंथात शोधायला गेलात तर मिरिडी हे नाव सापडणार नाही, तिथे 'कॅप्सिडी' बघा. ब्रिटिश काळातल्या भारतीय प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत डिस्टंट यांच्या १९०४ च्या खंडात हे कुळ त्याच नावाने आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आठवडाभर मी सूची चाळत बसले होते.

आणि हा डास नव्हे. चहाच्या मळ्यात त्याला 'टी मॉस्किटो' नाव पडलं आणि ते तसंच काजूवर आलं. डासाला पंखांची एकच जोडी असते, याला दोन. डास रक्त पितो, हा झाडाचा रस.

आधी डाग वाचा

किडा हातात नसला तरी त्याने केलेला डाग हातात असतो. ढेकण्या सोंड खुपसतो आणि लाळ सोडतो. टोचलेली जागा आधी पाणी मुरल्यासारखी दिसते, काही तासांत तपकिरी होते आणि एक-दोन दिवसांत काळी. कोवळ्या फांदीवर हा डाग लांबट असतो, पानावर गोलसर किंवा शिरांमध्ये अडलेला, कोनदार. फांदीवरच्या डागातून पुष्कळदा डिंकाचा थेंब येतो. असे डाग एकमेकांत मिसळले की शेंडा वाळतो, मोहोर जळाल्यासारखा होतो, बारीक काजूबी काळी पडून गळते.

हे नीट बघायला हवं, कारण वाळलेला मोहोर लांबून करप्यासारखा दिसतो. आमच्याकडे पहिली दोन वर्षं एका दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीनाशकच मारलं गेलं. दोन हंगाम गेले. ढेकण्याने केलेल्या जखमेतून नंतर बुरशीही शिरते, त्यामुळे नुसत्या वाळलेल्या शेंड्यावरून काहीच ठरवता येत नाही. ताजा डाग शोधा. तो सुटा असेल, कडा ठसठशीत असतील आणि भिंगातून मधोमध टोचल्याचा ठिपका दिसत असेल, तर ते काम सोंडेचं.

टाचणी दिसली की प्रजाती ठरली

किडा काचेच्या नळीत घ्या. परीक्षानळीचं तोंड त्याच्यावर धरा आणि खालून बोटाने देठाला टिचकी मारा, तो वर उडायच्या नादात नळीत शिरतो. चिमटा वापरू नका. त्याचे पाय आणि मिशा केसाएवढ्या नाजूक असतात, हमखास तुटतात, आणि पुढची निम्मी ओळख पायांवरच आहे.

आता दहापट भिंगातून बाजूने बघा. वरून नाही, बाजूने. खांद्याच्या ढालीमागे, पंख सुरू होतात तिथे, पाठीवर एक छोटा त्रिकोण असतो, त्याला स्क्युटेलम म्हणतात. हेलोपेल्टिसच्या या त्रिकोणातून एक बारीक दांडा सरळ वर उभा राहतो, किंचित मागे झुकतो, आणि त्याच्या टोकाला गोळी असते. कुणीतरी किड्याच्या पाठीत टाचणी टोचून ठेवली असावी तसा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा दांडा दाखवायचे तेव्हा पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण विचारायचा, "बाई, ही तुम्ही टोचलीत का?"

ही टाचणी, सडपातळ अंग, सहा ते आठ मिलिमीटर लांबी, अंगापेक्षा लांब चार पेरांच्या मिशा, एवढं जमलं की प्रजातीपाशी तुम्ही पोचलात.

फसवणारे दोघं-तिघं आहेत. पॅचिपेल्टिस हा ढेकण्याचा अगदी जवळचा नातलग. काजूवरही येतो, डागही तसेच करतो, पण त्याच्या पाठीवर टाचणी नसते. दुसरा दुधीभोपळ्याच्या वेलावर सापडणारा काटकुळा ढेकूण, मेटाकॅन्थस. त्याच्याही पाठीवर बारीक काटा असतो, म्हणून नवखा माणूस चकतो. त्याच्या मिशीचं शेवटचं पेर फुगीर असतं, मांडीचं टोक गदेसारखं जाड असतं, आणि पुढच्या पंखावर मिरिडी कुळाची खूण नसते. ती खूण म्हणजे पंखाच्या जाड भागाच्या टोकाला असलेला वेगळा त्रिकोणी तुकडा, क्युनियस. पंखाला तिथे घडी पडल्यासारखी रेष दिसते. तिसरे फसवणारे शिकारी ढेकणांची पिल्लं. त्यांची सोंड आखूड, जाड आणि वाकडी असते. त्यांना मारू नका, ती आपल्या बाजूची.

रंगावर नाव लावू नका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. ज्या चुकीत माझी तीन वर्षं गेली ती मी खुलासेवार सांगते.

सुरुवातीला माझ्याकडे दोन पेट्या होत्या. एकीत काळ्या खांद्यांचे ढेकण्या, दुसरीत तांबूस-नारिंगी खांद्यांचे. डोकं दोघांचंही काळं, पोट काळं-पांढरं. काळ्या खांद्यांच्या पेटीवर मी एका जातीचं नाव लिहिलं होतं, तांबड्यांवर दुसऱ्या. मोजदाद चालू होती, तक्ते तयार होत होते.

मग एका सकाळी बागेत कामाला येणारी बायग्या मला हाक मारून म्हणाली, "बाई, ह्यो काळो नि ह्यी तांबडी चिकाटली हत बघा." मोहोराच्या देठावर जोडी बसली होती, शेपटाला शेपूट लावून, तोंडं दोन दिशांना. एक काळ्या खांद्यांचा, लहानखुरा. दुसरी तांबूस खांद्यांची, थोडी मोठी, चालली की त्याला मागे ओढत नेणारी. दोघांना एकाच नळीत घेतलं. घरी येऊन दोघांचंही पोट उलटं करून बघितलं. काळा नर होता आणि तांबडी मादी. माझ्या दोन 'जाती' म्हणजे एका जातीचे नवरा-बायको होते.

एक जोडी म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी ती मादी वेगळी पाळली. हे घरी कुणालाही करता येईल. काजूची कोवळी फांदी पाणी भरलेल्या छोट्या बाटलीत उभी करा, बाटलीचं तोंड कापसाने बंद करा म्हणजे किडा बुडत नाही, आणि सगळं मोठ्या पारदर्शक बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. दर दोन दिवसांनी फांदी बदला, पण जुनी फेकू नका, तिच्यात अंडी असतात. साधारण आठवड्याने पिल्लं निघाली. पाच वेळा कात टाकून पंधरवड्यात त्यांचे प्रौढ झाले. एका आईची ही लेकरं. त्यातल्या माद्यांचे खांदे नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत, नरांचे बहुतेक काळे, दोन मात्र तांबूस-काळे. ती बरणी मी जवळ ठेवली तेवढे दिवस माझ्या आधीच्या तक्त्यांतलं एकेक पान रद्द होत गेलं.

अजून एक. कात टाकून नुकताच बाहेर आलेला प्रौढ फिकट असतो आणि काही तासांत रंग धरतो. अशाला लगेच मारलंत तर तो कायमचा फिकट राहतो आणि दहा वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला तो वेगळीच जात वाटतो. नळीत एक कोवळी काडी टाका आणि त्याला एक दिवस द्या.

म्हणून पहिला प्रश्न जातीचा नसून नर की मादी हा. किडा उलटा करा. मादीच्या पोटाच्या मागच्या भागात मधोमध उभी फट दिसते, तिच्यात अंडी घालायची सुरी मिटलेली असते. नराच्या पोटाचं टोक बोथट, गोलसर, कुपीसारखं बंद. हे ठरल्याशिवाय खांद्याच्या रंगाबद्दल एक शब्दही लिहू नका.

तिघांमधला फरक

काजूवरच्या तीन जाती म्हणजे हेलोपेल्टिस अँटोनी, हेलोपेल्टिस ब्रॅडी आणि हेलोपेल्टिस थीव्होरा. अँटोनीचं वर्णन सिन्योरे यांनी १८५८ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यावरून केलं. बाकी दोन जातींना नावं वॉटरहाऊस यांनी १८८६ मध्ये दिली. थीव्होरा म्हणजे चहा खाणारा. आसामच्या आणि दक्षिणेतल्या चहामळ्यांचा खरा शत्रू तोच. मलेशियात कोकोवर येणाऱ्या याच जातीला पूर्वी थिओब्रोमी असं वेगळं नाव होतं, पुढे ती थीव्होराच असल्याचं ठरलं. तज्ज्ञसुद्धा यजमान झाड वेगळं दिसलं म्हणून चकले होते, एवढं लक्षात घ्या. झाडावरून जात ठरत नाही. आपल्या देशात काजूवर सर्वांत जास्त सापडतो तो अँटोनी, पण एकाच कलमावर दोन जाती शेजारी शेजारी बसू शकतात.

मी बघते तो क्रम असा.

आधी मागच्या पायाची मांडी. किडा आडवा ठेवून मांडीचा बुंध्याकडचा भाग बघा. तिथे रुंद, सलग, पांढुरका पट्टा स्पष्ट दिसत असेल तर ब्रॅडीची शक्यता धरा. मधल्या पायाच्या मांडीवरही तो शोधा. अँटोनी एरवी ब्रॅडीसारखाच दिसतो, पण त्याला हा रुंद पट्टा नसतो. मांडीवर इतरत्र बारीक फिकट ठिपके दिसले तर गोंधळून जाऊ नका, आपण पट्टा शोधतो आहोत. हे बघायला पांढरा कागद वापरू नका. पांढऱ्यावर पांढुरका पट्टा हरवतो. मी काळ्या पाटीचा तुकडा वापरते आणि उजेड एका बाजूने देते. पाय अंगाखाली दुमडलेला असेल तर पाण्यात भिजवलेल्या बारीक कुंचल्याने हळूच बाहेर ओढा.

मग पोट, पण ते किडा जिवंत असताना बघायचं. थीव्होराच्या पोटाला हिरवट झाक असते. अँटोनीचं पोट काळं-पांढरं. मेल्यावर, विशेषतः वाळल्यावर, हिरवा रंग पिवळट पडतो आणि महिनाभराने त्याची काही खूण उरत नाही. म्हणून पोटाचा रंग बागेतच, नळीत असताना, वहीत लिहायचा. फोनला चिकटवायचं छोटं भिंग असेल तर फोटोही तिथेच काढा. पाठ, बाजू, पोट, मागचा पाय, डोकं मिशांसकट, आणि सहावा डाग पडलेल्या फांदीचा.

हे दोन मुद्दे जुळले की मी वहीत नाव पेन्सिलीने लिहिते. पेनाने नाही. पेनाचा अधिकार पुढच्या पायरीला.

नराची कुपी उघडताना

मिरिडी कुळात जातींची शेवटची ओळख नराच्या जननेंद्रियांवरून होते. ऐकायला अवघड वाटतं, पण स्टिरिओ मायक्रोस्कोप असेल तर दोन-तीन नमुने बिघडवून झाल्यावर हात बसतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस ते चाळीसपट दाखवणारा मायक्रोस्कोप असतोच, विचारून बघा.

वाळलेला नर आधी ओलसर करायचा. डब्यात तळाला ओला कापूस, त्यावर जाळी, जाळीवर किडा, झाकण लावून एक रात्र. कापसावर डेटॉलचा एक थेंब टाकते मी, म्हणजे बुरशी येत नाही. सकाळी पोटाचं टोक मऊ झालेलं असतं. इन्सुलिनच्या सुईने शेवटची कुपी कडेने सैल करत अलगद सुटी करा. पूर्ण पोट कापायची गरज नाही.

ही कुपी कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात ठेवायची, म्हणजे शंभर मिली पाण्यात दहा ग्रॅम. चष्मा घाला, द्रावण डोळ्यांत आणि त्वचेवर जाऊ देऊ नका, मुलं घरात असतील तर बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा. काही जण गरम करतात. मी करत नाही, एवढ्याशा गोष्टीला थंड द्रावणात रात्रभर पुरतं. आतला मांसल भाग विरघळतो आणि कडक सांगाडा तेवढा राहतो. मग पाण्यातून दोनदा धुवा, दुसऱ्या पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाका, आणि शेवटी काचेवर ग्लिसरीनच्या थेंबात घ्या.

आता आत बघा. दोन बाजूंना दोन आकडे दिसतील, त्यांना पॅरामियर म्हणतात. डावा आणि उजवा सारखे नसतात, त्यामुळे एक तुटला असं समजू नका. मधोमध पातळ पिशवीसारखा भाग, त्यात कडक, गडद रंगाची, दातेरी पट्टी. या पट्टीचा आकार आणि तिच्यावरच्या दात्यांची मांडणी प्रत्येक जातीची वेगळी. रंग बदलतो, खांदे बदलतात, पण हे दाते तसेच राहतात. आशियातल्या हेलोपेल्टिसवर स्टोनेडाल यांनी १९९१ मध्ये जो आढावा घेतला, त्यात या भागांची रेखाचित्रं आहेत. माझ्या टेबलावर त्याची छापील प्रत असते, पानांच्या कडा ग्लिसरीनने पारदर्शक झालेल्या. चित्र आणि काचेवरचा तुकडा सारख्याच कोनात आणल्याशिवाय तुलना करू नका. तुकडा थोडा कलला तरी दाते कमी-जास्त दिसतात. मी सुईने तो तीन वेळा फिरवते, तीन वेळा चित्र काढते, आणि तिन्ही चित्रं जुळली तरच पेन उचलते.

झाल्यावर कुपी फेकायची नाही. ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत ठेवून ती नळी त्याच किड्याच्या टाचणीला, खाली, टोचून ठेवायची. किडा आणि त्याची कुपी वेगळी झाली की दोन्ही निरुपयोगी.

माद्यांचं काय? ज्या मादीसोबत नर जोडीत सापडला, तिला नराचं नाव मिळतं. पाळलेल्या मादीला तिच्या मुलग्यांचं. बाकीच्यांची पेन्सिल तशीच राहते.

टोचणं, चिकटवणं, चिठ्ठी

मारायला घरचा डीप फ्रीझर उत्तम, नळीसकट एक रात्र. इथाइल ॲसिटेट मिळत असेल तर कापसावर दोन थेंब. डीएनएसाठी ठेवायचे असतील तर थेट पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये टाका, आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरते. एका वर्षाच्या माझ्या बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या अशाच कोऱ्या झाल्या आणि त्या वर्षाचे सगळे नमुने गेले.

ढेकण्याच्या अंगातून टाचणी आरपार घालू नका, तो फाटतो. जाड कागदाचा सात-आठ मिलिमीटरचा लांबट त्रिकोण कापा, त्याच्या बुंध्यातून टाचणी घाला, टोक किंचित खाली वाकवा आणि त्या टोकावर किड्याची उजवी बाजू, छातीपाशी, डिंकाच्या थेंबाने चिकटवा. पाण्यात विरघळणारा डिंक घ्या, उद्या काढायची वेळ येते. पाठीवरची टाचणी आणि मागचे पाय मोकळे दिसले पाहिजेत.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि खाली दुसऱ्या चिठ्ठीवर झाड. 'काजू' एवढंच नको. काजूच्या कशावर? पालवी, मोहोर, काजूबी की बोंडू? जातीच्या नावाची चिठ्ठी तिसरी, वेगळी, कारण ती बदलू शकते.

कोकणातला पावसाळा पेट्यांचा काळ असतो. जूनमध्ये बेफिकीर राहिलात तर गणपतीपर्यंत किड्यांवर पांढरी बुरशी आलेली असते. घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पंधरा दिवसांनी त्या तव्यावर शेकून परत. लाकडी पेट्या सुंदर दिसतात, पण आमच्या हवेत मी त्या वापरणं सोडलं.

अंडी आणि पिल्लं

यांची जात बघून ठरवता येत नाही, ते ठरवू नका. पण ओळखायला शिका. अंडी देठाच्या आत पुरलेली असतात, त्यामुळे अंडं दिसत नाही, दिसतात ते त्याचे दोन केस. कोवळा देठ बोटांत धरून सकाळच्या तिरप्या उन्हात फिरवा. सालीतून चांदीसारखे दोन बारीक धागे वर आलेले दिसतील, एक लांब, एक थोडा आखूड. अंडं त्यांतून श्वास घेतं. ही जोडी एकदा दिसली की मग दरवेळी दिसते. माझ्या नातीला माझ्याआधी दिसते.

नुकतंच फुटलेलं पिल्लू तांबूस, मुंगीएवढं, आणि त्याच्या पाठीवर टाचणी नसते. पहिली कात टाकल्यावर ती उगवू लागते. म्हणून टाचणी नाही म्हणजे पॅचिपेल्टिस, हा निष्कर्ष फक्त पंख पूर्ण वाढलेल्या किड्याच्या बाबतीत खरा.

अडलं तर

डीएनए बारकोडिंग आता होतं. सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो नोंदवलेल्या तुकड्यांशी ताडून बघतात. अंड्यापासून मादीपर्यंत कशालाही चालतं. पण ज्याच्याशी ताडायचं, तो नमुना कुणीतरी आधी कुपी उघडून बरोबर ओळखलेला असावा लागतो. काजूसाठी पुत्तूरचं काजू संशोधन संचालनालय, कीटकांच्या वर्गीकरणासाठी बंगळूरचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो, आणि आपल्या हाताशी वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ. नमुना पाठवताना कमीत कमी पाच नर, पाच माद्या, पूर्ण चिठ्ठ्यांसकट, आणि तुमच्याकडे त्याच दिवशीचे तेवढेच ठेवून. एकच किडा पाठवून 'हा कोणता?' विचारू नका. समोरच्याला तो उघडायचा धीर होत नाही.

माझ्या वहीतली या जानेवारीची एक नोंद जशीच्या तशी देते. 'हेलोपेल्टिस, मादी, पेरूच्या कोवळ्या फळावर, बांध, सकाळी ७.४०. खांदे नारिंगी. पोट जिवंतपणी हिरवट, फोटो आहे. मांडीवर रुंद पट्टा नाही. थीव्होरा (पेन्सिल). नर मिळाला नाही.' त्या पेरूला आता फळं नाहीत. नवी पालवी आली की मी त्याच फांदीखाली नळी घेऊन उभी राहणार आहे.